गूगलवर जाहिरात, नकाशावर नोंद की पेपरात हँडबिल?

कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ माझ्या मेव्हण्यांचं कुशन वर्क्स आहे: सोफा दुरुस्ती, गाद्या, उशा. गूगलवरची त्यांची जाहिरात मी सांभाळतो. तुम्हीही त्याच विचारात असाल, तर आधी बघा, गिऱ्हाईक तुम्हाला मोबाइलवर शोधतं का? सोफ्याचं रेक्झिन फाटलं की माणूस शोधतोच. पोळीभाजी केंद्र मात्र येता-जाता दिसतं, नाहीतर शेजारीण सांगते. तिथे पेपरात टाकलेलं हँडबिल अजूनही बरं. हव्या त्या सोसायट्यांपुरतं टाकता येतं.

शोधणारं गिऱ्हाईक असेल तर पहिली पायरी नकाशावरची नोंद. त्यासाठीचं गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. तिथला क्रम शोधलेल्या शब्दाशी जुळणं, अंतर आणि दुकानाचा नावलौकिक यांवर ठरतो, पैसे भरून वर सरकता येत नाही. (‘पहिल्या नंबरची गॅरंटी’ देणारा फोन आला तर ठेवून द्या.) पाटीचा फोटो, खऱ्या वेळा, रिव्ह्यूंना उत्तरं यात दोन रविवार घाला. अडचण एकच: सिंहगड रोडवर बसून शोधणाऱ्याला तिथली दुकानं आधी दिसतात, कोथरूडचं खाली राहतं.

जाहिरात ही हद्द ओलांडते. पण पैसे क्लिकमागे जातात, मग फोन येवो न येवो. रोजचं बजेट 200 रुपये ठेवलं तरी एखाद्या दिवशी 400 पर्यंत खर्च होऊ शकतो; महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या 30.4 पट, म्हणजे 6,080. शिवाय 18 टक्के जीएसटी. आधी पैसे भरायच्या पद्धतीत 1,000 भरले की जाहिरातीला साधारण 847 उरतात.

आमचे पहिल्या महिन्याचे पैसे कुठे गेले ते सांगतो. लोकांनी काय शोधून क्लिक केलं याची यादी उघडली, तर ‘सोफा कम बेड किंमत’, ‘सोफा क्लीनिंग’, आणि एकाला चक्क सोफा बनवायचा कोर्स हवा होता. असे शब्द वगळायच्या यादीत टाकावे लागतात, आणि ते काम एकदा करून संपत नाही.

दुसरं भोक वर्तुळाचं. जाहिरात कुठे दिसावी यासाठी दुकानाभोवती 5 किलोमीटरचं वर्तुळ धरलं. गूगलचं अंतर सरळ रेषेतलं, मधली वेताळ टेकडी त्याच्या हिशेबात नाही. पाषाणहून फोन आले, आणि चांदणी चौकातून वळसा घालून टेम्पो नेण्या-आणण्यातच मजुरी गेली. आता एका मोठ्या वर्तुळाऐवजी दोन छोटी आहेत: एक कोथरूडभोवती, दुसरं राजाराम पुलापलीकडे सिंहगड रोडवर.

आणखी एक सेटिंग बघाच. त्या भागात असलेल्यांबरोबरच त्या भागात रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दाखवायची, असं गूगल आपणहून धरतं. सोफ्यासाठी ते बंद करा. नागपूरहून कोथरूड शोधणारा काही सोफा पाठवणार नाही. तुमचं विद्यार्थ्यांचं वसतिगृह असेल तर मात्र चालू ठेवा, कारण जूनमध्ये लातूरचे पालक घरूनच खोल्या शोधतात.

वेळाही ठरवता येतात. मेव्हणे दुपारी जेवून पडले की फोन उचलत नाहीत, म्हणून आमची जाहिरात एक ते चार बंद असते.