‘५०० तासांची हमी’ देणाऱ्यांपासून सावध राहा

कमर्शियल लायसन्स हातात आहे, टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) नाही आणि ज्या-त्या विमान कंपनीला आधी अनुभव हवा आहे, अशा अवस्थेत अडकलेल्या वैमानिकांसाठी हे लिहिते आहे. मला फसवणारा दलाल नेमक्या अशाच मुलामुलींच्या शोधात असतो.

मला विकलेलं पॅकेज असं होतं: एअरबस ए३२० या प्रवासी विमानाचं टाइप रेटिंग, त्यानंतर एका चालू विमान कंपनीत उजव्या सीटवर, म्हणजे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून, प्रवाशांच्या नेहमीच्या उड्डाणांवर ५०० तासांचं ‘लाइन ट्रेनिंग’ आणि शेवटी नोकरीत ‘प्राधान्य’. पैसे सगळे आगाऊ. जगभर याला ‘पे टू फ्लाय’ म्हणतात आणि युरोपियन कॉकपिट असोसिएशनसारख्या वैमानिक संघटना त्याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. हिशेब सरळ आहे. मागे बसलेला प्रवासी तिकिटाचे पैसे देतो आणि पुढे बसलेला फर्स्ट ऑफिसरसुद्धा आपल्या सीटचे पैसे देतो. कंपनीला बिनपगारी माणूस मिळतो, दलालाला दलाली मिळते. तुमचे तास भरले की तुमच्या जागी पैसे भरलेला पुढचा उमेदवार येतो. तुम्हाला पगारावर ठेवलं तर कंपनीचं नुकसानच आहे, मग ती तुम्हाला प्राधान्य कशाला देईल?

पैशांचं दुःख आहेच, घरच्यांनी कर्ज काढलं होतं. पण त्याहून मोठी फसवणूक प्रशिक्षणात झाली, आणि तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही.

सिम्युलेटरचं प्रत्येक सत्र दोघांत वाटलेलं असायचं. टेकऑफ झाला, ४०० फूट झाले की इन्स्ट्रक्टर म्हणायचा, “ऑटोपायलट लाव.” पुढचा वेळ बटणं, चेकलिस्ट आणि फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये जायचा. ते शिकायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण क्रॉसविंड (आडव्या वाऱ्यातलं) लँडिंग, ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बंद करून अप्रोच, फ्लाइट डायरेक्टरशिवाय (विमान कसं वळवायचं ते पडद्यावर दाखवणाऱ्या खुणांशिवाय) आयएलएस, म्हणजे धावपट्टीच्या रेडिओ संकेतांवर उतरणं, हे सगळं ‘वेळ उरला तर’ या सदरात होतं आणि वेळ कधी उरला नाही. प्रमाणपत्रावर मात्र प्रत्येक व्यायामासमोर ‘पूर्ण’ लिहिलेलं होतं, इन्स्ट्रक्टरच्या सहीनिशी.

लाइनवर गेल्यावर तेच पुढे चालू. वारा जरा वाढला की कॅप्टन लँडिंग स्वतःकडे घ्यायचे. त्यांना मी दोष देणार नाही. मागे भरलेलं विमान आणि शेजारी पैसे भरून आलेली नवशिकी, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. दोष त्या व्यवस्थेचा, जिला माझं शिकणं नकोच होतं, फक्त रिकामी सीट भरायची होती. लॉगबुकाची गंमत अशी की फर्स्ट ऑफिसर म्हणून तुम्ही विमान उडवा किंवा नुसतं मॉनिटरिंग करा, तास सारखेच लिहिले जातात. तासांचा रकाना भरत गेला. लँडिंगचा रकाना बघवत नव्हता.

तास संपल्यावर नोकरी मिळाली नाही, म्हणून दुसरीकडे अर्ज केला. लेखी परीक्षा, मुलाखत व्यवस्थित झाली. मग सिम चेक. परीक्षकाने शांतपणे फ्लाइट डायरेक्टर बंद केले, ऑटोथ्रस्ट बंद केलं आणि रॉ डेटावर, म्हणजे नुसते संकेतांचे काटे वाचून, आयएलएस करायला सांगितलं. लोकलायझर (धावपट्टीची मधली रेषा दाखवणारा संकेत) एका बाजूला सरकला, तो सावरेपर्यंत वेग घसरला, वेग आणायला थ्रस्ट वाढवला तर ग्लाइड स्लोपच्या (उतरण्याचा योग्य उतार दाखवणाऱ्या संकेताच्या) वर गेले. पिच किती आणि थ्रस्ट किती ठेवला की वेग कुठे स्थिरावतो, हे हाताला माहीत असावं लागतं, आणि माझ्या हाताला ते कुणी शिकवलंच नव्हतं. नंतर टेकऑफमध्ये व्ही-वनच्या (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवता येत नाही त्याच्या) पुढे त्याने एक इंजिन बंद केलं. ए३२०वर अशा वेळी पडद्यावरचा स्लिप इंडेक्स (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी खूण) पिवळ्याचा निळा होतो आणि तो मध्यावर येईल एवढा रडर (शेपटीवरचं सुकाणू) पायाने द्यायचा असतो. प्रशिक्षणात हे मला दाखवलं होतं, पण पायात बसेपर्यंत करून घेतलं नव्हतं. परीक्षकाने माझं लॉगबुक उघडलं, तासांकडे पाहिलंसुद्धा नाही. “यातले पायलट फ्लाइंग (प्रत्यक्ष विमान उडवणारा) म्हणून किती? लँडिंग किती?” एवढंच विचारलं.

हा फक्त नोकरीचा प्रश्न नाही. ६ जुलै २०१३ला सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं बोइंग ७७७ स्वच्छ हवेत, दिवसाउजेडी धावपट्टीच्या अलीकडे आपटलं. ग्लाइड स्लोप बंद होता, डोळ्यांनी बघून उतरायचं होतं. १३७ नॉट्स हवा असलेला वेग १०३पर्यंत उतरला आणि तो वेळेवर कुणाच्या लक्षात आला नाही. तिघांचा जीव गेला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने विमान कंपन्यांना वैमानिकांकडून हाताने उड्डाण करून घ्या, अशी सूचना काढली होती. हे सगळं माहीत असताना कुणी पैसे घेऊन पोकळ तास विकतो, याचा मला आजही संताप येतो.

करारातली मेख नीट बघा. पत्रकात ‘५०० तासांची हमी’ होती, करारात ‘विमान कंपनीच्या वेळापत्रकानुसार ५०० तासांपर्यंत’. मंदीच्या महिन्यांत रोस्टर कोरं पडलं. दलाल म्हणाला, प्रशिक्षण केंद्राशी बोला. केंद्र म्हणालं, तुमचा करार आमच्याशी नाहीच. मधल्या काळात ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंगची अट मोडली, तेव्हा पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा पैसे, आणि तो सिम्युलेटरही त्याच दलालाच्या ओळखीचा.

पैसे भरण्याआधी लेखी मागा: सिम्युलेटर कोणत्या लेव्हलचा, सत्रातला किती वेळ तुमच्या हातात, ऑटोपायलट-ऑटोथ्रस्टशिवाय किती अप्रोच, लाइनवर पायलट फ्लाइंग म्हणून किमान किती सेक्टर (एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतची उड्डाणं) आणि किती लँडिंग, आणि कंपनीने मध्येच थांबवलं तर परतावा कोण देणार. हप्त्यांनी पैसे घ्यायला जो तयार नाही त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. विमान कंपनीला थेट पत्र पाठवून असा काही करार आहे का ते विचारा. प्रशिक्षण केंद्राची मान्यता आणि तिची मुदत नियामकाकडून तपासून घ्या. जुन्या बॅचच्या लोकांशी बोलाल तेव्हा मात्र दलालाने दिलेल्या नंबरांवर विसंबू नका, नावं स्वतः शोधा.

जे आधीच अडकले आहेत त्यांनी प्रत्येक सत्राची रोजची नोंद ठेवावी: वेळ, इन्स्ट्रक्टर, काय झालं, काय राहिलं. सत्र संपल्या संपल्या राहिलेल्या व्यायामांची यादी केंद्राला मेल करावी. माझ्याकडे असे काही मेल होते, म्हणून नियामकाने माझी तक्रार दाखल करून घेतली. पैशांचा दावा वेगळा चालू आहे. माझ्याच बॅचच्या इतरांकडे तोंडी आठवणींपलीकडे काही नव्हतं, त्यांचे अर्ज पुराव्याअभावी परत आले.