ओंटारियोत मासे पकडून खाणाऱ्यांनी ही फुकटची सर्व्हिस वापराच

समर आला की इकडे टोरांटो-मिसिसागाची आपली बरीच मंडळी कॉटेजला जातात, गळ टाकतात नि मिळालेला पिकरेल मासा रवा लावून तिथेच तळतात, त्या सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू. इकडच्या तलावातल्या माशांत पाऱ्यासारख्या विषारी गोष्टी साठतात, म्हणून प्रांत सरकारची 'गाईड टू ईटिंग ओंटारियो फिश' म्हणून ऑनलाईन सर्व्हिस आहे. नकाशावर आपला तलाव शोधायचा, माशाची जात निवडायची, की महिन्यातून किती वेळा खाल्लेला चालेल तो आकडा समोर. 32 असेल तर बिनधास्त, 0 असेल तर खायचाच नाही. एका वेळचा मासा म्हणजे साधारण 227 ग्रॅम धरलाय.

मला सगळ्यात पटलं ते हे की आकडा माशाच्या लांबीप्रमाणे बदलतो, दर 5 सेंटीमीटरला वेगळा रकाना. पाऱ्याचं तसंच असतं ना, तो कोळशाच्या धुरातून नाहीतर कारखान्यातून पाण्यात येतो, गाळातले बॅक्टेरिया त्याचं मिथाईल मर्क्युरी म्हणजे अंगात साठणारा विषारी प्रकार करतात, मग ते किड्यांतून बारीक माशात नि बारीक माशातून मोठ्या माशात साठत जातं, त्यामुळे पाईक, पिकरेल असे दुसऱ्या माशांवर जगणारे आणि वय झालेले मासे सगळ्यात वाईट. आपल्याकडे मोठा मासा लागला की आधी फोटो आणि मग चांगला तुकडा पोरांना! गरोदर किंवा पुढे मूल हवं असलेल्या बायका आणि 15 वर्षांखालची मुलं यांचे आकडे वेगळे दिलेत, घरात असं कोणी असेल तर आधी तेच बघा, पोटातल्या बाळाच्या मेंदूला हा पारा फार बाधतो.

आणि प्लीज, हळद-मीठ-आगळ लावून ठेवलं, कडक तळलं की सगळं जातं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पारा मांसातच असतो. कातडी-चरबी काढली तर पीसीबी (चरबीत साठणारी कारखान्यांची विषारी रसायनं) कमी होतात, पारा नाही.

पाऱ्याने काय होतं ते याच ओंटारियोत दिसलंय. इथल्या ड्रायडन गावच्या कागद कारखान्याने 1962 ते 1970 मधे नदीत जवळजवळ 9 टन पारा सोडला. नदीच्या खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज आणि वाबासिमूंग या वस्त्यांतल्या आदिवासी लोकांचं जेवण आणि रोजगार दोन्ही त्या माशांवरच होतं, तेव्हा त्यांना कोणी काही सांगितलं नाही आणि त्यांची नातवंडं अजून भोगतायत. आपल्याला ही माहिती फोनवर मिळतेय तर दोन मिनिटं काढून बघायला काय हरकत आहे?

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला कारण तपासणी न झालेले तलाव यात नाहीत, आणि दुकानातल्या माशांसाठी हे नाहीच. दोन तलावांचे आकडे एकमेकांत मिळवू नका, एकीकडे 4 नि दुसरीकडे 4 म्हणजे महिन्याला 8 होत नाहीत. कॉटेजकडे नेटवर्क नसतं म्हणून निघायच्या आधीच आपल्या तलावाचा स्क्रीनशॉट काढा आणि सोबत मोजायची टेप ठेवा, मासा तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचा.