मानसिक प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा वर्ग : पाचपैकी चार तारे

दादा गेला तेव्हा घरात ठरलं, ‘हार्ट अटॅक’ सांगायचं. अकरा वर्षं मी तेच सांगत आले. खरं पहिल्यांदा बोलले ते या वर्गाच्या मधल्या सुट्टीत, शेजारच्या अनोळखी बाईंशी.

मानसिक त्रासातल्या माणसाला तज्ज्ञांची मदत मिळेपर्यंत आधार कसा द्यायचा, हे इथे शिकवतात. ऑस्ट्रेलियात २००० साली अशा वर्गांची सुरुवात झाली. सगळ्यात मोलाचा भाग जोड्यांमधला सराव. समोरच्याला सरळ विचारायचं, “तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?” माझी जीभ तीनदा अडखळली. “वेडंवाकडं काही नाही ना मनात?” असं विचारलं की समोरचा ‘नाही’च म्हणणार! थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग ऐकायचं, उपदेश गिळायचा, एकटं सोडायचं नाही, मदतीपर्यंत सोबत जायचं.

स्लाइड्स फार. उपचार घेऊन कामावर परतलेल्या माणसाशी कसं वागावं, हे मात्र पाच मिनिटांत उरकलं. एक तारा त्याचा कापला.

त्या रात्री आईला फोन केला. म्हटलं, आता कुणी विचारलं तर खरं सांगणार. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “त्याचा फोटो पुढच्या खोलीत लावूया का?”