डॉट कॉम घ्यावं की डॉट इन?

नौपाड्यात घरगुती फराळ विकणारी वहिनी अडून बसलीय: वेबसाइटला नाव कुठलं घेऊ?

पहिल्या वर्षाची सवलत विसरा, नूतनीकरणाचा दर विचारा. तिथे डॉट इन (भारताची खूण असलेलं) सहसा स्वस्त पडतं. डॉट कॉम १९८५पासूनचं, त्यामुळे सुटसुटीत नावं कधीच उडालीत. डॉट इन २००५ साली सर्वांना खुलं झालं, तिथे अजून वाव आहे. नावाच्या नोंदणीची मुदत दोन्हीकडे एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. (नूतनीकरणाची आठवण करून देणारा मेल बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहिल्याने माझं एक नाव हातचं गेलंय!) मात्र फोनवर नाव सांगितलं की गिऱ्हाईक सवयीने डॉट कॉमच टाइप करतं.

चकल्या ठाणे-मुलुंडपुरत्याच जाणार असतील तर डॉट इन पुरे. अमेरिकेतल्या भाच्यांच्या मित्रमंडळींनाही डबे धाडायचे असतील, तर डॉट कॉम.