पिकअपमधील झटके आणि स्पार्क प्लगचा गॅप: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

तारेचे गॅप गेज (ठरावीक जाडीच्या तारा असलेले मोजमापाचे साधन) वापरून स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाशी मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्यासमोरची वाकलेली पट्टी (वरचा इलेक्ट्रोड) यांमधले ठिणगी पडण्याचे अंतर, तपासला आणि दुरुस्त केला, तर गाडीच्या पिकअपमध्ये किती फरक पडतो आणि तो किती टिकतो, याविषयीचा हा अनुभव आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, साध्या निकेल प्लगची आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) असलेली आहे. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये गाडी कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबला, की इंजिन आवंढा गिळल्यासारखे क्षणभर अडखळायचे, दोन-तीन बारीक झटके द्यायचे आणि मगच ओढ धरायचे. उभ्या गाडीत आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहणे) जवळजवळ सुरळीत होते, सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाताना काहीही जाणवत नव्हते, आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवाही लागलेला नव्हता.

झटके नेमके केव्हा येतात, यावरूनच प्लगवर संशय घेण्यास जागा होती. आयडलिंगच्या वेळी थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी झडप) जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा कमी भरते, आणि त्यामुळे ठिणगी पडण्याच्या क्षणी आतला दाबही कमी असतो. थ्रॉटल एकदम उघडला, की सिलिंडर पूर्ण भरतो, दाब वाढतो, आणि त्या दाट मिश्रणातून ठिणगीला उडी मारण्यासाठी कितीतरी अधिक व्होल्टेज लागते. गॅप जितका मोठा, तितकी ही गरज आणखी वाढते. कॉइलची क्षमता संपली, की ठिणगी पडतच नाही किंवा दुबळी पडते, आणि तेवढा एक स्ट्रोक वाया जातो. इंजिनाचे फेरे कमी आणि थ्रॉटल मात्र पूर्ण उघडा, अशा स्थितीत ही कसोटी सर्वांत कडक असते. म्हणूनच घिसलेले प्लग आधी चढावर आणि ओव्हरटेक करताना उघडे पडतात. याउलट, इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) हवा गळत असेल, तर त्रास बहुतेक वेळा आयडलिंगलाच अधिक दिसतो, आणि क्लच घसरत असेल, तर इंजिनाचे फेरे चढतात पण वेग चढत नाही. हे दोन्ही प्रकार येथे नव्हते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढले. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते आणि गरम असताना प्लग फिरवला, तर आटे खरवडले जाण्याची भीती असते. कॉइल काढल्यानंतर प्लगच्या विहिरीतली धूळ हवेच्या दाबाने उडवून घेतली, कारण तिथला एखादा खडा आत पडला, तर पुढचा खर्च गॅपच्या पलीकडचा असतो. प्रत्येक प्लग कोणत्या सिलिंडरमधला, हे लक्षात राहील असे ते ओळीने मांडून ठेवले. एवढी साधी शिस्त पाळली, तर प्लगची टोके इंजिनाच्या तब्येतीविषयी बोलू लागतात. चारही टोके फिकट तपकिरी होती, म्हणजे मिश्रण आणि तापमान ठीक होते; कोरडी काळी काजळी, तेलाचा चिकटपणा किंवा पांढरी, फोड आलेली चिनीमाती (प्लगचा वीजरोधक भाग) यांपैकी काहीही नव्हते. प्लगच्या पांढऱ्या भागावर, धातूच्या कडेला लागून, एक तपकिरी वलय मात्र दिसले. पुष्कळ जण त्याला गॅस गळतीची खूण समजतात. ते केवळ विद्युतक्षेत्रामुळे ओढल्या गेलेल्या तेलाच्या कणांचे डाग असतात आणि त्यांची काळजी करण्याचे कारण नसते.

गाडीच्या पुस्तिकेत गॅप ०.८ ते ०.९ मिलिमीटर दिला आहे. पात्यांच्या फिलर गेजने मोजल्यावर तीन प्लग ०.९५ च्या आसपास आणि एक १ मिलिमीटर भरला. हे वाढलेले असले, तरी एवढे झटके देण्याइतके वाटत नव्हते. त्यानंतर तारेच्या गेजने मोजले, आणि त्याच तीन प्लगमध्ये १.१ ची तार सहज गेली, तर चौथ्यात १.२ ची तारही जेमतेम टेकली. दोन मापांतला हा फरक वरच्या इलेक्ट्रोडच्या झिजेत दडलेला होता. भिंगाखाली पाहिल्यावर, मधल्या इलेक्ट्रोडच्या बरोबर समोर, वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला बशीसारखा उथळ खळगा पडलेला दिसला. सपाट पाते त्या खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकते आणि खळग्याची खोली मोजतच नाही. गोल तार मात्र खळग्यात उतरते. नव्या प्लगसाठी पाते चालते, वापरलेल्या प्लगसाठी तारच हवी, आणि या उपकरणाच्या बाजूने माझे सर्वांत मोठे मत हेच आहे. नाण्यासारखे गोल, कडेने जाडी वाढत जाणारे गेजही मिळते. ते सोयीचे आहे, पण गॅपमध्ये रेटून फिरवल्यास मधल्या इलेक्ट्रोडवर बाजूने जोर येतो, आणि चिनीमातीला केसाएवढी चीर गेली, तरी ती बाहेरून दिसत नाही.

गॅप कमी करताना गेजवरच्या खाचेत वरची पट्टी पकडून ती अगदी थोडी थोडी वाकवली आणि दर वेळी तार घालून पाहिली. तार किंचित अडखळत सरकली पाहिजे; ती सैल पडू नये आणि दाबूनही घालावी लागू नये. चारही प्लग ०.८५ वर आणले. गॅप त्याहून लहान करण्याचा मोह काही जणांना होतो, कारण ठिणगी सहज पडेल असे वाटते. ठिणगी सहज पडते हे खरे, पण लहान गॅपमध्ये ज्वालेचे पहिले बीज लहान राहते आणि इलेक्ट्रोडचा थंड धातू त्याची उष्णता शोषून घेतो. त्यामुळे आयडलिंग खडबडीत होते आणि पातळ मिश्रण नीट पेटत नाही. पुस्तिकेतला आकडा या दोन टोकांमधला मध्य साधून दिलेला असतो.

प्लग परत बसवताना पहिले काही आटे हातानेच लावले. जुन्या प्लगचे वॉशर आधीच दबलेले असते, त्यामुळे ते टेकल्यानंतर वर्तुळाच्या सुमारे बाराव्या हिश्श्याएवढाच फेरा पुरतो. नव्या प्लगला, वॉशर दबायचे असल्याने, अर्धा फेरा किंवा त्याहून थोडा अधिक लागतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) असेल, तर पुस्तिकेतला आकडा वापरणे अर्थातच सर्वांत चांगले.

पहिल्याच चालवण्यात फरक स्पष्ट जाणवला. तिसऱ्या गिअरमध्ये, त्याच कमी वेगात, ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाने एकसंध ओढ धरली. पुढचे काही आठवडे गाडी निर्दोष चालली, आणि एखाद्याने आपले मत तेवढ्यावरच लिहिले असते, तर या उपायाला पैकीच्या पैकी गुण दिले गेले असते. काही महिन्यांनंतरचे चित्र थोडे निराळे आहे. थंड हवेत, इंजिन पुरेसे तापलेले नसताना, बारीकसा झटका पुन्हा अधूनमधून जाणवू लागला. प्लग पुन्हा काढून मोजले, तेव्हा गॅप फारसा वाढलेला नव्हता. मग कारण उरले ते इलेक्ट्रोडच्या आकाराचे. ठिणगी धारदार कडेवरून सहज सुटते, आणि जुन्या प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडची कड झिजून गोल झालेली होती. पट्टी वाकवून अंतर पूर्ववत करता येते, पण गेलेली कड परत आणता येत नाही. म्हणून जुन्या प्लगचा गॅप दुरुस्त करणे हे माझ्या मते निदानाचे उत्तम साधन आहे आणि उपाय म्हणून तात्पुरते आहे. गॅप कमी केल्यावर झटके थांबले, तर दोष प्रज्वलनाच्या बाजूला आहे हे पक्के होते; इंधन पंप, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी यांच्यामागे लागण्याची गरज उरत नाही. त्यानंतर नवे प्लग घेणे हाच टिकाऊ मार्ग आहे.

त्याप्रमाणे नवे निकेल प्लग बसवले, आणि बसवण्यापूर्वी तेही मोजले. खोक्यावर गॅप आधीच बसवलेला असल्याचे लिहिलेले असले, तरी चारांपैकी एकाचा गॅप ०.७ च्या जवळ होता. वाहतुकीत आदळला, की असे होते. याच वेळी जुन्या प्लगपैकी ज्याचा गॅप सर्वांत मोठा होता, त्याच्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी एक उभी काळी रेघ दिसली. तिची जोडीदार रेघ त्याच्यावरच्या कॉइलच्या रबरी टोपीत, आतल्या बाजूला, विजेरीच्या उजेडात सापडली. ठिणगीला मोठा गॅप ओलांडता आला नाही, की वीज टोपीच्या आतून, चिनीमातीच्या पृष्ठभागावरून, धातूकडे पळवाट काढते, आणि एकदा कार्बनची वाट पडली, की पुढच्या खेपेला तीच वाट तिला सोपी जाते. नवा प्लग बसवूनही टोपी जुनीच ठेवली, तर ही रेघ नव्या प्लगवरही उमटते. टोपी बदलली आणि तिच्या आत डायइलेक्ट्रिक (वीजरोधक) ग्रीसचा पातळ थर दिला. वाढलेला गॅप महिनोन् महिने तसाच राहिला, तर कॉइलवर सततचा ताण पडतो, हे पुस्तकात वाचलेले येथे डोळ्यांनी पाहायला मिळाले.

कॉइलच सदोष असल्याचा संशय असेल, तर तिची अदलाबदल करून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या उपकरणावर) पी ०३०२ असा कोड येत असेल, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत असेल (मिश्रण नीट पेटत नसेल), तर त्यावरची कॉइल तिसऱ्यावर लावावी. कोड पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला असे समजावे, आणि तो दुसऱ्यावरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळावे. इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर मात्र चाचण्या करत गाडी पळवू नये, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळते आणि तो भाग गॅपपेक्षा फार महाग असतो.

नव्या प्लगनंतरच्या काळात झटके परत आलेले नाहीत, थंड हवेतही नाहीत. मायलेजविषयी मोठे दावे केले जातात. मला जाणवलेला फरक इतका लहान आहे, की तो रस्ता आणि रहदारी यांमुळेही पडला असेल. आवाजात आणि कमी वेगातल्या सुरळीतपणात पडलेला फरक मात्र निर्विवाद आहे, आणि तोच महत्त्वाचा होता.

इरिडियम प्लग असलेल्यांनी हे सर्व जसेच्या तसे करू नये. त्यांचा मधला इलेक्ट्रोड अनेकदा ०.६ मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक असतो आणि गेजचा हलका धक्काही त्याला पुरतो. त्यांचा गॅप तार हलक्या हाताने घालून केवळ पाहावा, आणि तो मर्यादेबाहेर गेला असल्यास प्लगच बदलावा. तारेच्या ब्रशने प्लग घासण्याची जुनी सवयही सोडलेली बरी, कारण ब्रशच्या धातूचे कण चिनीमातीला चिकटून ठिणगीला नवी पळवाट देतात.

गेजविषयी दोनच तक्रारी आहेत. तारांवरचे आकडे इतके बारीक कोरलेले आहेत, की कमी उजेडात ते वाचता येत नाहीत, आणि पट्टी वाकवायची खाच पहिल्याच वापरात थोडी पसरली. पहिल्या तक्रारीवर रंगाचे ठिपके लावून मार्ग काढला आहे. दुसरीवर तसा मार्ग नाही, त्यामुळे विकत घेताना ती खाच जाड पोलादाची आहे ना, एवढे पाहून घ्यावे.