पुरातत्त्व शिकायचंय, मग मुंबईतच राहायचं की पुण्याला डेक्कन कॉलेजला जायचं?

आर्किऑलॉजी करायची तर मुंबई सोडावीच लागते का, असं ॲडमिशनच्या दिवसांत बरेच जण विचारतात, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

ग्रॅज्युएशनसाठी मुंबई सोडायची काहीच गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. झेवियर्सला किंवा पार्ल्याच्या साठ्ये कॉलेजला प्राचीन भारतीय संस्कृती विषय घेता येतो, नाणी, शिलालेख, मूर्ती सगळं त्यात येतं आणि बघायला अख्खं शहर पडलंय, बोरिवलीला उतरलं की कान्हेरीची शंभरावर लेणी, गेटवेवरून लाँच पकडली की घारापुरी. नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला, आत दगडी पेटी आणि तिच्यात एकात एक ठेवलेले करंडे, सगळ्यात आतला सोन्याचा! ते करंडे फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत, म्हणजे जागा आणि वस्तू दोन्ही लोकलच्या पासावर.

पण इथे खणायला मोकळी जमीन कुठेय? तिथे डेक्कन कॉलेज पुढे जातं. तिथले नावाजलेले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यापासूनची परंपरा, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारखं वर्षानुवर्षं चाललेलं उत्खनन (लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं जुळवून घरातच जमिनीखाली पुरायचे, ते तिथलंच), शिवाय हाडं, जळके दाणे, सांगाडे यांचा अभ्यास करणारी माणसं तिथेच भेटतात. एमएला खरा फरक हाच पडतो. खापरं ब्रशने धुवायची, सावलीत वाळवायची, प्रत्येकावर बारीक अक्षरात साइट आणि थराचा नंबर घालायचा, आणि मग दिवसभर काठ आणि बूड वेगळं करत बसायचं. हे ज्याला आवडतं त्याने पुणंच धरावं, हॉस्टेलचा खर्च सोसून सुद्धा.

नोकरी किंवा घर सुटण्यासारखं नसेल तर मुंबईतले पार्टटाइम कोर्स बघा, लेणी आणि मूर्तिशास्त्राकडे ओढा असेल तर काही बिघडत नाही.

नोकऱ्यांचं मात्र दोन्हीकडे सारखंच, केंद्राचं आणि राज्याचं पुरातत्त्व खातं, म्युझियम, नेट परीक्षा देऊन कॉलेजात शिकवणं, आणि जागा कमी निघतात. म्हणून एमएचा फॉर्म भरायच्या आधी ओळखीच्या सरांना विचारून थंडीत एखाद्या उत्खननावर थोडे दिवस राहून या, ट्रेंचमध्ये, म्हणजे खणलेल्या चरात, उन्हात बसून बघा, आणि मगच पुण्यात रूम शोधा.