जड कॅम्परसाठी पिकअप: पाऊण टन, एक टन की मागे जोडचाकं?

पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे राहायची छोटी खोली, घ्यायचा ठरला की बहुतेक जण आधी इंजिन आणि टोइंगचा आकडा बघतात. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर पेलणं वेगळं. कॅम्परचं जवळजवळ सगळं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर येतं, म्हणून गाडीची निवडही तिथूनच करावी लागते.

माहितीपत्रकातलं कोरडं, म्हणजे पाणी-सामानाशिवायचं, वजन धरू नका. समजा ते 1,400 किलो आहे. त्यात 150 लिटर पाणी, गॅसच्या दोन भरलेल्या टाक्यांचे 35 किलो, बॅटऱ्यांचे 55, आणि एसी, बाजूला उघडणारं कापडी छप्पर, अंथरूण, भांडी, किराणा यांचे 200 मिळवा. झाले 1,840. दोन माणसं बसली की दोन टनांना टेकलात.

अमेरिकेत 10,000 पौंडांपर्यंत एकूण क्षमतेच्या (गाडीचं स्वतःचं वजन अधिक भार) पिकअपवर, ड्रायव्हरच्या दाराजवळ, माणसं आणि सामान मिळून किती चालेल याची पट्टी असते. त्याहून मोठ्या गाडीवर ती असेलच असं नाही. तेव्हा टाकी भरून गाडी काट्यावर न्या आणि एकूण क्षमतेतून ते वजन वजा करा. मागच्या अ‍ॅक्सलची क्षमता वेगळी लिहिलेली असते, तीही ताडून बघा.

पाऊण टन, एक टन ही पिकअपच्या वर्गांची जुनी नावं आहेत, खरी क्षमता नव्हे. पाऊण टनी गाडी (फोर्ड एफ-250, रॅम 2500) डिझेल, चार दारी आणि फोर-बाय-फोर घेतली तर पेलोड, म्हणजे वर लादता येणारं वजन, बऱ्याचदा हजार-अकराशे किलोच उरतो. डिझेल इंजिनाचं जादा वजन त्यातूनच जातं. पॉप-अप (मुक्कामी वर उचलायच्या) छताच्या हलक्या कॅम्परला ती चालेल, वरच्या हिशेबाला नाही. इथे सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे एअरबॅग (मागच्या स्प्रिंगना आधार देणारे हवेचे फुगे) बसवा. एअरबॅगने बसलेली गाडी वर येते, हेडलाइट सरळ होतात, डोलणंही थोडं कमी होतं. पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, रिम, टायर आणि ब्रेक होते तेच राहतात. क्षमता एका किलोनेही वाढत नाही. बसवायच्याच असतील तर दोन्ही बाजूंना हवेच्या नळ्या वेगळ्या ठेवा. एकच नळी असली की वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते.

एक टनी गाडीत मागे दोन चाकं की चार, हा खरा निर्णय. टायरचा हिशेब करा. टायरवरच्या लोड इंडेक्समध्ये, म्हणजे भारक्षमतेच्या सांकेतिक अंकांत, पहिला अंक एकेरी चाकाचा आणि दुसरा जोडचाकाचा असतो. 125/122 लोड इंडेक्सचा टायर एकेरी 1,650 किलो पेलतो, म्हणजे दोन टायरवर 3,300. जोडचाकांत 121/118 चा लहान टायरही प्रत्येकी 1,320 पेलतो, चारांचे 5,280. शिवाय मागचा पाया रुंद होतो, त्यामुळे आडव्या वाऱ्यात उंच कॅम्पर कमी झुलतो. एक टायर फुटला तरी गाडी सावरायला वेळ मिळतो. उलट बाजूही आहे: चिखल-वाळूत जोडचाकं कमी पकड घेतात, दोन टायरमध्ये दगड अडकतो, आतल्या टायरची हवा तपासायचा कंटाळा केला जातो. कॅम्पर उचलून धरणाऱ्या पायांपैकी पुढच्यांना, म्हणजे पुढच्या जॅकना, बाहेर वळणारे ब्रॅकेटही लागतात, नाहीतर रुंद मडगार्ड त्यांच्यात अडकतात.

आमचं मत स्पष्ट आहे. भरलेला कॅम्पर 1,300-1,400 किलोंपर्यंत असेल तर एक टनी, एकेरी चाकांची गाडी पुरते, आणि कच्च्या रस्त्यावर ती बरी. त्यावर गेलात तर जोडचाकं घ्या.

हौद्याची लांबी बघायला विसरू नका. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते. ती मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टप्प्यातच यायला हवी. आठ फुटी हौद्याचा कॅम्पर साडेसहा फुटीवर ठेवला आणि त्याचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या 20 सेंटीमीटर मागे गेला, तर 4 मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) गाडीत, वरच्या 1,840 किलोंच्या कॅम्परमुळे, पुढची चाकं 92 किलोंनी हलकी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर 1,932 किलो येतात. स्टिअरिंग हलकं, सैल लागतं ते यामुळे.

बांधणी हौद्याच्या पत्र्याला नको, चासीला करा, आणि खाली रबरी मॅट घाला म्हणजे कॅम्पर सरकत नाही. पहिल्या 50 किलोमीटरनंतर थांबून टर्नबकल (कॅम्पर बांधणारे, पिळून आवळायचे दुवे) पुन्हा आवळा. कॅम्पर बसतो तसे ते ढिले पडतात.